घंटेवाल्याचे एक्केचाळीस सेकंद

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी अभिप्रायवहीतलं एक पान फाडलं.

रोजच्यासारखाच स्मारकावर गेलो होतो. कुलूप काढलं, सभागृहाचे पडदे ओढले, खुर्च्यांखालचे कागद उचलले, मशीनचं भिंग फडक्याने पुसलं, हात जोडले. मग दारापाशी टेबलावर असते ती वही उघडली. साहेबांनी सांगून ठेवलंय – क्रांतीच्या पहिल्या लढाईला पंचाहत्तर वर्षं होताहेत, एक मार्चला पाहुणे येणार, वहीत कुणी वेडंवाकडं लिहिलं असेल तर ते पान काढून टाका.

रविवारची पानं वाचली. "लढाई एकदम खरी वाटते. पंखे बंद." "रक्त अजून दाखवायला पाहिजे होतं." "पूल उडतो तेव्हा माझी मुलगी रडली, बाकी उत्तम." "तो पळपुटा घंटेवाला हुबेहूब आमच्या हेडक्लार्कसारखा!" त्याखाली दुसऱ्या कुणाचं तरी – "आमच्याही."

आणि मग एक पूर्ण पान. सरळ, टाके घातल्यासारखं अक्षर.

"चित्रपटातला घंटेवाला माझे वडील. ते पळाले नाहीत. घंटेची दोरी तुटली म्हणून दुसरी आणायला घरी गेले होते. घरात दुसरी दोरी नव्हती म्हणून माझ्या पाळण्याची सोडून नेली, असं आई सांगायची. मी तेव्हा चार महिन्यांची. हे खरं असेल तर कुणीतरी सांगावं."

खाली पत्ता.

यात वेडंवाकडं काय होतं? काहीच नाही. तरी पट्टी लावून, शिवणीपासून हलक्या हाताने, मागे दात राहणार नाहीत असं फाडलं. घडी करून वरच्या खिशात ठेवलं. दिवसभर छातीवर होतं.

का फाडलं ते मला ठाऊक आहे. आज लिहवत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

पाच खेळ झाले. तीन शाळा, एक लष्करातून निवृत्त झालेल्यांची मंडळी, एक फुटकळ.

हा चित्रपट मी एकोणतीस वर्षं दाखवतो आहे. विसाव्या वर्षी इथे लागलो तेव्हा नुकताच तयार होऊन आला होता. क्रांतीच्या पहिल्या लढाईची गोष्ट. पहाटेचा अंधार, नदी, पूल. पुलापलीकडून सरकारी पलटण येते आहे. माणसं शेतात, गोठ्यात, होड्यांत दबा धरून बसलीत. मनोऱ्यावरची घंटा वाजली की उठायचं ठरलंय. घंटेवाला दोरी ओढतो – घंटा वाजत नाही. वर बघतो. पुन्हा ओढतो. आणि मग जिना उतरून धावत सुटतो. पुढचं दृश्य – घंटा वाजते आहे, खाली मनोऱ्याच्या दाराशी सेनापती उभा. माणसं उठतात. पूल उडतो.

बघणाऱ्याला वाटतं, घंटेवाला घाबरून पळाला आणि सेनापतीने वर जाऊन घंटा वाजवली. कुणालाही तसंच वाटेल.

चौदाव्या मिनिटाला तो धावत सुटतो. तेव्हा पोरं ओरडतात – "पळाला रे पळाला!" हे कुणी शिकवलं ठाऊक नाही; दर खेळाला होतं. आज एक मास्तर आधीच म्हणाले, "आता बघा हं, कसा पळतो ते!" साठ पोरांनी खुर्च्या बडवल्या. निवृत्त लष्करवाल्यांतून एकजण म्हणाला, "आमच्यात असता तर तिथंच गोळी घातली असती." दुसरा म्हणाला, "तू? तुला बंदूक भरायला पाऊण तास लागायचा!" हशा.

खेळ संपला की लोक बाहेर खऱ्या मनोऱ्याच्या जिन्यावर जातात, पळाल्याचा आव आणून फोटो काढतात. तिकीटखिडकीवर माझा मेहुणा बसतो. परवा म्हणत होता, "भाऊजी, जिन्यावर फोटो काढायचं वेगळं तिकीट ठेवू का? 'भित्र्यांना सवलत'!" मी हसलो. नेहमीच हसतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शर्ट धुवायला टाकताना हिने खिसा तपासला. "हा कागद कसला?"

"पावती."

खोटं बोलायची सवय झाली की ते किती चटकन येतं! तोंडात आधीच तयार असतं.

९ फेब्रुवारी, रविवार

लिहूनच टाकतो. देवासमोर रोज मनात म्हणतोच. पण मनातल्या मनात म्हटलं की माणूस स्वतःला सांभाळून घेतो. शाईने लिहिलं की घेता येत नाही.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेवीस वर्षांचा. तेव्हा रिळावर चालायचं. ऑपरेटरने केबिन सोडायची नाही हा पहिला नियम. माझ्या आधीचे ऑपरेटर तर जाताना इतकंच सांगून गेले, "बाबा, रीळ म्हणजे दूध. नजर हटली की उतू."

त्या दिवशी दुपारच्या खेळाला खिडकीतून खाली बघितलं तर फाटकाशी निळी छत्री. मेहुण्याची बहीण त्याचा डबा घेऊन आली होती. तेव्हा तो मेहुणा नव्हता, नुसता तिकीटवाला होता. चार महिने मी ती छत्री वरून बघत होतो. त्या दिवशी म्हटलं, खाली जाऊ, एक शब्द बोलू. दोन मिनिटं. "ऊन फार आहे," मी म्हणालो. ती म्हणाली, "म्हणून तर छत्री आहे." एवढंच बोलणं. वर आलो तेव्हा सभागृहात शिट्ट्या चालू होत्या. पडदा पांढरा.

रीळ दातांवरून घसरलं होतं आणि मशीन ते चावत होतं. एकसष्ट फूट फिल्मच्या कडेची भोकं फाटली होती. भोकं फाटली की ती पट्टी मशीनवर चढतच नाही. जोडणार कशाला? कात्री घेतली, फाटका भाग कापला, दोन टोकं चिकटपट्टीने जोडली, पुन्हा चालू केलं. हे प्रत्येक ऑपरेटर करतो. पण एक-दोन फूट गेले तर! एकसष्ट फूट म्हणजे एक्केचाळीस सेकंद. आणि ऑपरेटरने ते नोंदवहीत लिहायचं असतं, कळवायचं असतं, दुसरी प्रत मागवायची असते. कळवलं असतं तर विचारलं असतं – तू कुठे होतास?

कळवलं नाही.

त्या एक्केचाळीस सेकंदांत काय होतं? घंटेवाला घरात शिरतो. पाळण्यातलं मूल उचलतो, जमिनीवर गोधडीत ठेवतो. पाळण्याची दोरी सोडतो. परत धावत येतो, जिना चढतो, घंटेच्या तुटक्या टोकाला दोरी बांधतो, दोन्ही हातांनी ओढतो. पुलाकडून गोळी येते. तो बसतो, पण दोरी सोडत नाही.

मी ते तीन वर्षं, रोज पाच वेळा पाहिलं होतं. म्हणून बाईंचं पान वाचलं तेव्हा मला विचार करावा लागला नाही. खरं होतं. ते खरं आहे हे सांगू शकेल असा माणूस आता मीच.

फलकावर अजूनही लिहिलंय, 'कालावधी बावीस मिनिटे'. एकवीस मिनिटं एकोणीस सेकंद चालतो. सव्वीस वर्षांत कुणी घड्याळ लावलं नाही. त्या जोडावर संगीत किंचित अडखळतं, जिन्याच्या पायरीवर पाय चुकावा तसं. कुणाला ऐकू येत नाही. मला पाच वेळा ऐकू येतं.

आणखी एक. तो धावतो तेव्हा त्याच्या उजव्या हातात तुटलेल्या दोरीचा तुकडा आहे. अंधुक दिसतो. पडद्यावर आहे तो, कापलेला नाही. कुणी म्हणून बघत नाही! सगळे ओरडण्यात असतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

सुटी. आणखी एक राहिलंय. कालच्यापेक्षा वाईट तेच.

कापणं एक वेळ घाबरटपणा म्हणू. पण बारा वर्षांपूर्वी दोन तरुण मशीन घेऊन आले – जुन्या रिळाची नवी, संगणकावर चालणारी प्रत करायला. बाकीच्या प्रती कुठे सडल्या, कुठे जळल्या. आमचीच धड राहिली होती. दोघांत एकजण चष्मेवाला, फार बारीक बघायचा. म्हणाला, "काका, इथे एक जोड दिसतोय. मधलं काही गेलंय का?"

मी म्हणालो, "नाही. पहिल्यापासून तसंच आहे."

तो म्हणाला, "तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार."

तेव्हा ती कापलेली पट्टी माझ्या घरी बिस्किटाच्या डब्यात होती. त्यांच्या मशीनला कडेची भोकं लागत नव्हती; सांगितलं असतं तर दहा मिनिटांत लावली असती त्याने. वर चहा पाजून पाठवला त्यांना. आता जगात जी प्रत आहे ती माझ्या कात्रीची.

आमचे गावातले गुरुजी वर्गात खोडरबर आणू देत नसत. म्हणायचे, "चूक झाली तर एक रेघ मारा आणि शेजारी बरोबर लिहा. चूक दिसली पाहिजे. खोडलेल्या जागी कागद पातळ होतो." माझा कागद सव्वीस वर्षं पातळ होतो आहे.

संध्याकाळी डबा काढला. हिला तो 'तुमचा आंबट डबा' म्हणून ठाऊक आहे. जुनी फिल्म कुजायला लागली की आंबूस वास येतो. पट्टी वळली आहे, कडा मेणासारख्या झाल्यात. खिडकीशी धरली. चित्रं आहेत. अजून आहेत. बारीक, नखाएवढी – पाळणा, हात, दोरी.

ही मागे येऊन उभी राहिली. सगळं सांगितलं. निळ्या छत्रीपासून. आधी ती हसली – "ऊन फार आहे म्हणे! दुसरं काही सुचलं नाही?" मग हसू विरलं. म्हणाली, "म्हणजे आपला संसार त्या माणसाच्या बदनामीवर उभा आहे."

"तसं नको म्हणूस."

"मग कसं म्हणू? तुम्ही सांगा."

मी पट्टी डब्यात ठेवली, झाकण लावलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चित्र दाखवलं. एक मार्चला दालनात पुतळे बसणार. वर सेनापती दोरी ओढतोय. खाली जिन्याजवळ पळणारा घंटेवाला – एक पाय हवेत, तोंड वासलेलं. त्याच्याशेजारी माणूस उभा राहील इतकी जागा मुद्दाम सोडली आहे. फोटोसाठी.

"लोकांना तो आवडतो ना," साहेब म्हणाले. वयाने माझ्या धाकट्या भावासारखे. माणूस वाईट नाही. "सेनापतीबरोबर कोणी फोटो काढत नाही हो. याच्याबरोबर काढतात."

मी म्हणालो, "छान झालंय." माझ्याच तोंडून!

खाली येताना आठवलं. चार वर्षांपूर्वी बाईंचा अर्ज आला होता – हुतात्म्यांच्या दगडावर वडिलांचं नाव नाही, ते लढाईत जखमी होऊन तिसऱ्या दिवशी घरी वारले, नाव घ्यावं. कचेरीने उत्तर पाठवलं, 'चित्रपटात अशा आशयाचे काही दिसत नाही.' ते पाकीट टपालात मी टाकलं होतं. पत्ता वाचून टाकलं. पेटीत पडल्याचा आवाज आला तोही आठवतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पाच खेळ. पाच वेळा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज गेलो.

सकाळी आंघोळ करून देवापुढे बसलो तर हात जोडले जाईनात. म्हटलं, आधी तिकडे. हिने डबा जुन्या टॉवेलात गुंडाळून दिला, वर भिंग ठेवलं. "येऊ का बरोबर?" म्हणाली. नको म्हटलं. केबिन सोडताना एकटाच गेलो होतो.

दुसरा मजला, अरुंद जिना. दारावर शिवणकामाची पाटी, तिच्यावरची अक्षरं उडालेली. बाईंनी दार उघडलं. शाळेत शिवण शिकवायच्या, आता घरीच काजं-बटणं करतात. गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान. मला वाटलं होतं, म्हाताऱ्या, थकलेल्या असतील. ताठ बाई आहेत.

"पँट आखूड करायची का?" त्यांनी माझ्या हातातल्या टॉवेलाकडे बघत विचारलं.

"नाही. मी चित्रपटवाला. स्मारकातला. तुम्ही वहीत लिहिलं होतं..."

"ते पान राहिलं नाही वहीत. परवा येऊन बघितलं मी."

"मी फाडलं."

त्या बाजूला झाल्या. मी आत गेलो. शिवणयंत्राजवळच्या स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं, उभा-आडवा धागा न सोडता. त्या हातातल्या शर्टाचं बटण लावत राहिल्या. बटण लावून झालं, दोरा दाताने तोडला, दुसरं घेतलं.

मग डबा उघडला. खिडकीशी पट्टी धरली, भिंग त्यांच्या हाती दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, एक डोळा मिटला – सुईत दोरा ओवताना मिटतात तसा. बघत राहिल्या. मी पट्टी हळूहळू पुढे सरकवत होतो. पट्टी स्थिर राहावी म्हणून त्यांनी माझं मनगट धरलं.

"ही मी?"

"हो. म्हणजे... चित्रपटातली तुम्ही."

"कळलं हो मला." थोड्या वेळाने, "गोधडीत ठेवलं आधी. मग दोरी सोडली."

"हो."

"आई असंच सांगायची. आधी गोधडी, मग दोरी. घाईतसुद्धा."

भिंग खाली ठेवलं. मला वाटलं रडतील. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी सांगितलं ते इथे जसंच्या तसं लिहून ठेवतो, म्हणजे मला पुढे मऊ करता येणार नाही.

चित्रपट करणारे त्यांच्या आईकडे आले होते. दोन दिवस बसून सगळं विचारलं, लिहून घेतलं. पाळण्याची गोष्ट आईनेच सांगितली. त्यानंतर बाईंच्या नवऱ्याची दूर बदली झाली, आई त्यांच्याबरोबर गेली. पाच वर्षांनी परत आल्या तेव्हा आई एकटीच स्मारकात गेली, चित्रपट बघायला. नवं लुगडं नेसून. माझ्या हिशोबाने ते वर्ष कापल्यानंतरचं दुसरं.

"घरी आली ती गप्पच," बाई म्हणाल्या. "मी विचारलं, दाखवलं का गं? म्हणाली, 'पळताना दाखवलंय. लोक हसतात.' मी म्हटलं, आणि पाळणा? म्हणाली, 'नाही दाखवला. माझ्यावर विश्वास बसला नसेल त्यांचा.' मग तिने ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. सहा वर्षं होती त्यानंतर. एकदाही नाही."

"बाई..."

"थांब. आणि मी काय केलं? मला वाटलं, एवढे शिकलेले लोक, त्यांनी चौकशी करूनच काढलं असेल ना? आईनेच मनाची समजूत म्हणून रचलं असेल. मी मानलं – पळालेच असतील बाबा. ती गेल्यावर ते टोचायला लागलं, म्हणून तो अर्ज, ते पान. अठरा वर्षं झाली तिला जाऊन. जाताना तिला माहीत होतं, की माझाही तिच्यावर विश्वास नाही."

मी उठून त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"हे नको. हे करून तू मोकळा होशील."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कळलं नाही. बरं वाटलं त्या 'तू'ने. शिक्षा झाल्यासारखं.

मी म्हणालो, यातलं एक चित्र तुम्हाला कापून देतो, ठेवा जवळ. खिशात छोटी कात्री नेली होती. त्या केवढ्यांदा म्हणाल्या, "आता काही कापू नकोस!"

निघताना दारात म्हणाल्या, "मला दाखवलंस, ठीक. पण मी कधी हसले होते? हसतात त्यांना दाखव."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांना सांगितलं. पट्टी टेबलावर ठेवली. त्यांनी दार लावून घेतलं.

"हे तुमच्या घरी होतं? सव्वीस वर्षं?"

"हो."

"म्हणजे स्मारकाची वस्तू घरी. खराबीची नोंद नाही. आणि प्रत करताना खोटी माहिती." बोटांवर मोजत होते, रागाने नव्हे, दमल्यासारखे. "लेखी दिलंत तर मला चौकशी लावावी लागेल. निवृत्तीला अकरा वर्षं आहेत तुमच्या. कळतंय ना?"

"कळतंय."

"पुतळे ओतून झालेत. पत्रिका गेल्यात. कशाला आत्ताच उकरून काढता? एप्रिलमध्ये शांतपणे बघू. मी हे ऐकलंच नाही, असं समजा."

"बरं," मी म्हणालो आणि पट्टी उचलली.

'बरं' म्हणालो! तोच मी. जिना उतरताना वाटलं, त्या पुतळ्याला माझंच तोंड लावा. जागा सोडून गेलेला आणि परत न आलेला माणूस या स्मारकात एकच आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पुतळे आले. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. पळणाऱ्याचा हवेतला पाय तेवढा बाहेर राहिलाय. येणारा-जाणारा त्याला हात लावून जातो. मेहुणा त्या पायाशी हस्तांदोलन करून म्हणाला, "काय राव, कुठवर पोचलात?"

मी हसलो नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. खिडकी बंद केल्यावर वर केबिनमध्ये आला. "ताईने सांगितलं मला," म्हणाला. स्टुलावर बसून राहिला. "भाऊजी, त्या दिवशी मी तुम्हाला फाटकाशी बघितलं होतं. मीच म्हटलं होतं मनात, बरं झालं, बोलला एकदाचा. पडदा पांढरा झाला ते मलाही ठाऊक होतं. मी कुणाला बोललो नाही."

"तुझी त्यात काय चूक?"

"तेच तर. सव्वीस वर्षं त्याच्यावर विनोद करतोय." मग उठला. "'भित्र्यांना सवलत' म्हणालो होतो ते मागे घेतो."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी पहिल्यांदा काय केलं, तर फाडलेलं पान खळ लावून वहीत परत चिकटवलं. आहे त्याच जागी. नीट बसलं नाही, जरा तिरकं आहे, घडीची रेघ दिसते. दिसू दे.

त्याखाली माझं काही लिहायला पेन उघडलं. साहेब आले. पेन बंद केलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कुणीतरी बाईंच्या पानाखाली लिहिलंय, "आजी, पडद्यावर स्पष्ट पळताना दिसतात की!" खाली हसरा चेहरा काढलाय.

त्या पोराची काय चूक? जे मी दाखवलं ते त्याने पाहिलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या अकराचा खेळ. सभागृह भरणार, जादा खुर्च्या लावल्या. बाईंना पत्रिका नव्हती. मी काल नेऊन दिली. तिसरी रांग. कशासाठी ते बोललो नाही. त्यांनी विचारलंही नाही. म्हणाल्या, "वेळेवर चालू होतो ना?" एवढंच.

हिला म्हटलं, "नोकरी जाईल कदाचित."

ही भाजी निवडत होती. "जाईल तर जाईल. मी काजं-बटणं शिकून घेईन त्या बाईंकडे." जरा थांबून, "इतकी वर्षं भिजत घातलेलं घोंगडं, कुणीतरी पिळायला हवं. फक्त एक करा. माझ्या छत्रीचं सांगाल ना, तेव्हा खोटं सांगू नका. मी डबा द्यायला आले नव्हते त्या दिवशी. डबा रिकामा होता. मीही तुम्हाला बघायलाच आले होते."

सव्वीस वर्षांनी कळलं! माझ्या घरात मीच एकटा लपवणारा नव्हतो.

देवापुढे बसलो. आज हात जोडले गेले. मागितलं काही नाही. पाय जागेवर राहू दे, एवढंच.

१ मार्च, शनिवार

चौदाव्या मिनिटाला तो धावत सुटला, हॉल ओरडला, आणि मी चित्रपट थांबवला. त्याच्या हातातल्या दोरीच्या तुकड्यावरच. दिवे लावले. केबिनला बाहेरून कडी घातली, खाली गेलो, पडद्यासमोर उभा राहिलो. साहेब दारात होते. मला वाटलं अडवतील. नाही अडवलं.

सांगितलं. पडद्यावरची, त्याच्या हातातली दोरी दाखवली. पट्टी दिव्यापुढे धरली. मी कुठे गेलो होतो तेही सांगितलं. पळालो तो मी, हा नव्हे, असं म्हणालो. तीनशे माणसं, आणि पंख्यांचा आवाज.

तिसऱ्या रांगेतून बाई म्हणाल्या, "झालं ना सांगून? आता पुढचं लाव. घंटा ऐकायची आहे मला."

वर गेलो. पुढचं लावलं. घंटा वाजली.